आबांची किरकोळ रजा

साऱ्या खानदेशात साहेबाला तोंडावर 'नाही' म्हणणारा एकच माणूस जन्माला आला, आणि तो धुळ्याच्या आमच्या सरकारी कॉलेजात घंटा वाजवत असे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. भर मे महिन्यात खाकी कोटाचं गळ्याचं बटण लावून व्हरांड्यातल्या स्टुलावर बसलेले. माझ्यासारख्या नव्या कारकुनाला नोकरीचे फायदे-तोटे ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत. "पेन्शन शे, सुट्ट्या शेत, कोनी काढी टाकत नही. बठ्ठं सुख शे. दुःख एकच, साहेबनी पिशवी!"

ही पिशवी भाजीची. शिपायाने ती प्रिन्सिपॉलसाहेबांच्या बंगल्यावर पोचवायची, असा रिवाज होता. आबांनी ती साहेबांच्या टेबलावर परत ठेवली होती. "मी कॉलेजना नोकर शे साहेब, वांगासना नही." एकदा विद्यापीठाचे बडे पाहुणे तासभर उशिरा आले. साहेबांनी कॉलेज सुटायची घंटा थांबवायला सांगितली, आबांनी ती वेळेवर ठोकली आणि पाहुणे रिकाम्या बाकांना विद्येचं महत्त्व सांगून गेले.

याची किंमत आबांचे गुडघे देत होते. बढती मिळून कागदपत्रं सांभाळणारे दफ्तरी झाले असते, तर स्टूल सुटून पंख्याखाली खुर्ची मिळाली असती. शिफारस साहेबांच्या हातात. ती जागा तीनदा दुसऱ्यांना गेली. शेवटी मी म्हणालो, "आबा, एकदा न्या की पिशवी!"

"खुर्ची ऱ्हाऊ दे भाऊ. स्टूल मनं सोतानं शे."

तोवर ती पिशवी मीच नेत होतो, आणि नोकरीत कायमही झालो होतो.

साहेबांची निवृत्ती आली. नोकरीच्या शेवटच्या, गाव सोडायच्या दिवशी सकाळी आबांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. एक दिवसाची किरकोळ रजा. कारण : 'साहेबांचे सामान स्टेशनवर नेणे.' साहेबांनी तो दोनदा वाचला. "आबा, यासाठी रजा कशाला? ड्यूटीवरच चला."

"ड्यूटीवर मी उचलाव नही, साहेब. आज रजा शे, आज उचलसू."

साहेबांनी सही केली. त्यांचे डोळे भरले होते. स्टेशनवर आबांनी ट्रंक उचलली, तेव्हा दुसरी कडी साहेबांनी स्वतः धरली. दोघं म्हातारे थांबत थांबत, एकमेकांना सांभाळत गाडीकडे गेले. मला आबांचा इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

त्यांच्या मागून साहेबांचा डबा घेऊन मीही चाललो होतो. मी ड्यूटीवर होतो.