चौदा तासांची खुर्ची

शर्टांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं कॉलर शिवल्या, म्हणून सगळे तिला कॉलरबाई म्हणत. नाव शोभायचंही, कारण बाईची मान कधी कुणापुढे वाकली नाही. नवरा गेला तेव्हा मॅनेजर म्हणाला, "महिनाभर रजा घ्या." पाचव्या दिवशी ही मशीनवर हजर!

आता ती सत्तरीला टेकली होती आणि थोरली बहीण परदेशात अंथरुणाला खिळली होती. आईमागे हिला लहानाची मोठी केली ती याच ताईनं, आणि जन्मात कधी काही मागितलं नाही. परवा मात्र फोनवर म्हणाली, "येऊन जा गं एकदा. फार दिवस नाहीत माझ्याकडे." तिच्या लेकीनं व्हिसाही करून दिला.

मुलानं मोबाइलवर बघितलं. "आई, बारा हजार किलोमीटर आहे. सलग चौदा तास विमानात. तुझे गुडघे, तुझं बीपी... नाही झेपायचं."

"का, विमान मी ढकलायचंय?"

"चौदा तास बसणं म्हणजे काय, कल्पना आहे तुला?"

झालं! मशीनपुढे बसून बसून ज्या बाईनं याला इंजिनिअर केलं, तिला हा बसायला शिकवणार!

"दोन सीटांच्या पाठींमध्ये अंतर किती असतं रे?"

"एकतीस इंच वगैरे."

"वगैरे नको."

"एकतीस."

रविवारी सकाळी सहाला तिनं हॉलमध्ये खुर्ची मांडली, टेपनं एकतीस इंच मोजून समोर कपाट सरकवायला लावलं आणि बसली. "सुटलं विमान. आठला उतरेन."

सुनेनं हसू दाबत ट्रेमधून जेवण आणलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कॉलरबाई तासातासाला स्वयंपाकघरापर्यंत चालून येई आणि पुन्हा बसे. मुलगाही इरेला पेटून शेजारी खुर्ची टाकून बसला. साडेदहाला त्याची कंबर बोंबलायला लागली. "आलोच" म्हणून गेला, तो परत काही आला नाही.

"मध्येच उतरले वाटतं," सून म्हणाली.

"विमानातून!" कॉलरबाई खो खो हसली.

खोटं कशाला सांगा, चार वाजता तिचे पाय सुजून टम्म झाले होते. गुडघे असे ठणकत होते की डोळ्यांत पाणी यावं. मुलगा समोर येऊन जमिनीवर बसला.

"बास कर आई. कळलं मला. पण खरं सांगू? भीती वाटते गं. वाटेत तुला काही झालं तर?"

"तर ताईकडे जाताना झालं, असं सांग सगळ्यांना. मुलानं जाऊ दिलं नाही म्हणून घरी बसून मेली, असं नको."

मग तो म्हणाला, "मी येतो बरोबर."

"तुझ्याच्यानं साडेचार तास बसवलं नाही. तू राहा घरी."

नाक ओढत त्यानं मोबाइल काढला, गुरुवारचं विमान शोधलं. "परतीची तारीख काय टाकू?"

"टाकू नकोस. ताई आहे तोवर मी तिथून हलणार नाही."

त्यानं जाण्याचं तेवढं तिकीट काढलं. कॉलरबाईनं खुर्ची मात्र आठ वाजेपर्यंत सोडली नाही.