झेल्याचे हात

एक अपवाद सोडला तर आमच्या घरात काचेचा ग्लास फुटल्याचं मला आठवत नाही. फुटायची वेळ आली नाही असं नाही. आईची घाई, माझा धांदरटपणा, खिडकीतून येणारं मांजर, सगळं होतं. पण ग्लास जमिनीला टेकायच्या आत माझ्या धाकट्या भावाचा हात तिथे पोचलेला असे. पुढच्या खोलीत आमचं शिवणकामाचं दुकान. टेबलावरून रीळ घरंगळलं, तर तो पुस्तकातून मान वर न काढता ते झेलायचा. गिऱ्हाइकांनीच त्याचं नाव झेल्या पाडलं. ते इतकं चिकटलं की आई रागावली तरच त्याला खऱ्या नावाने हाक मारी.

असा मुलगा कॉलेजच्या फुटबॉल संघात गोलरक्षक होणार नाही तर काय होणार? झालाही, पण दुसरा. पहिला होता तो शेवटच्या वर्षाचा, उंच आणि थंड डोक्याचा. त्याला सगळे खांब म्हणत. या खांबाला कधी दुखापत होत नसे, साधी सर्दीसुद्धा होत नसे. मी मनातल्या मनात त्याला किती शाप दिले असतील, पण मेला ठणठणीत! संघाच्या सरांनी हंगामाच्या सुरुवातीलाच झेल्याला सांगून टाकलं होतं, "यंदा बघून शिक. पुढच्या वर्षी गोल तुझाच."

बघून शिकणं झेल्याच्या रक्तात नव्हतं. बाकावर बसला की त्याचा गुडघा हलायला लागे आणि गुडघ्याबरोबर अख्खा बाक. शेजारचा पोरगा ओरडायचा, "अरे, गप बस, मला गाडी लागल्यासारखं होतंय!" हातमोजे तर तो घरूनच घालून निघायचा. चेंडू आपल्या गोलाकडे आला की बाकावर बसल्या बसल्या त्याचे हात वर जायचे. तिकडे खांब चेंडू अडवी आणि इकडे हा दमून खाली टेके. मी प्रत्येक सामन्याला जायची. आई वैतागायची, "त्याला बसलेला बघायला इतक्या लांब कशाला जातेस? घरी बसलेला बघ की." पण घरी तरी तो कुठे बसायचा! आणि खरं सांगायचं तर मलाही दुकानात चैन पडत नसे. इथे काजं करत बसले आणि तिथे नेमका आज त्याचा नंबर लागला तर?

हंगाम सगळा रडतखडत गेला. शेवटच्या सामन्याच्या दिवशी परिस्थिती अशी होती की बरोबरी झाली तरी पहिल्या गटात टिकणार आणि हरलो तर खाली घसरणार. त्यात तापाची साथ आली आणि जवळजवळ सगळा बाक रिकामा झाला. सामना संपत आला तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. तेवढ्यात आमच्या मागच्या फळीतला एक जण पोटरी धरून बसला तो उठेचना. सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकावर एकटा झेल्या, गुडघा हलवत.

"मोजे काढ," सर म्हणाले. "साधा शर्ट घाल आणि मागे उभा राहा. चेंडू आला की लाथ मारून लांब उडव, बास. दुसरं काही करू नकोस."

तो धावत माझ्याकडे आला. मोजे माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, "ताई, सांभाळ." त्याचे उघडे हात मला कसेतरीच वाटले. माझा जीव टांगणीला लागला होता, पण आनंदही झाला होता. मी उभी राहून वेड्यासारखी टाळ्या पिटत होते.

त्याने दोनदा चेंडू लांब उडवला. मग समोरच्या संघाला कोपऱ्यावरून चेंडू मारायला मिळाला. झेल्या गोलाच्या दांड्याजवळ उभा होता. चेंडू वळत आला, खांब उडाला आणि चुकला. चेंडू थेट गोलात निघाला होता, झेल्याच्या खांद्याच्या उंचीवर. डोकं लावलं असतं तरी भागलं असतं. झेल्याने तो झेलला. दोन्ही हातांनी, छातीशी घट्ट धरून, अंगाचं मुटकुळं करून तो खाली बसला. इतका सुरेख झेल खांबाने अख्ख्या हंगामात घेतला नसेल. आणि मग त्याने मान वर केली आणि तो हसला! आता चेंडू कुणाकडे फेकू, म्हणून आपली माणसं शोधायला लागला.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

पंचांनी लाल कार्ड दाखवलं तेव्हा कुठे त्याला आपल्या उघड्या हातांची आठवण झाली. जित्याची खोड म्हणतात ती अशी. पेनल्टीवर गोल झाला, आम्ही हरलो, खालच्या गटात गेलो. समोरचे लोक पोट धरून हसत होते. मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्यानंतर झेल्याने हात खिशात घातले ते काढले नाहीत. रीळ घरंगळायचं, तो नुसता बघत राहायचा. सरांचा निरोप आला, "सोमवारपासून सराव आहे, ये." "मी नाही खेळणार," एवढंच तो मला म्हणाला. मला ना शिवण सुचे ना जेवण. सारखी त्याच्या खिशांकडे बघत बसायची.

रविवारी पानं वाढताना माझ्या कोपराचा धक्का लागला आणि ग्लास टेबलावरून खाली गेला. तो शेजारीच बसला होता. हात खिशातच राहिले. ग्लास फुटला.

आईने काचांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. ती उठली, मांडणीतून दुसरा ग्लास काढला, त्याच्यासमोर हात लांब केला आणि ग्लास सोडून दिला.

तो खुर्चीवरून कधी उडाला ते मला दिसलंच नाही.

"आई! डोकं फिरलंय का तुझं?"

"माझं नाही, तुझ्या सरांचं फिरलं होतं," आई म्हणाली. "ज्याला झेलायचं कळतं, त्याला म्हणे झेलू नकोस! उद्या जा आणि सांग त्यांना."

ग्लास दोन्ही हातांनी छातीशी धरून झेल्या जमिनीवर तसाच बसला होता, त्या दिवशी मैदानात बसला होता तसा. या वेळी कुणी शिट्टी वाजवली नाही.