व्हॉल्व्हची चावी

ग्रामपंचायती विलीन करून एकच मोठी नगरपालिका केली की कारभार लोकांच्या जवळ येतो, असं उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं. शिरूर तालुक्यातल्या आमच्या भीमाकाठच्या गावानं टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात मुलीचा साखरपुडा होता आणि नळाला पाणी नव्हतं. शेजारच्या माजी सरपंचांकडे गेलो.

"आबा, व्हॉल्व्ह सोडायला सांगा की."

"आता मी कोण? नगरपालिका हाय न्हवं तुमची! टाळ्या काय फुकट वाजवल्या?"

नगरपालिकेतले साहेब म्हणाले, "व्हॉल्व्हची चावी ग्रामपंचायतीकडून अजून आमच्या ताब्यात आलेली नाही."

शेवटी टँकर मागवला. त्याला वाट दाखवायला आबांच्या गोठ्यामागं गेलो. ती लांब लोखंडी चावी तिथं जमिनीत ठोकलेली होती आणि तिला आबांची म्हैस बांधली होती.