लोहाऱ्याच्या माळावर उतरलेलं विमान

माझा भाऊ काल गेला आणि स्मशानात माइक आला.

होय, माइक. बॅटरीवाला.

एक माजी कोणीतरी बोलले, "हवाई क्षेत्रातला तारा निखळला." भाऊला जन्मात दोनदा पाहिलं नसेल यांनी.

भाऊ विमान कंपनीत होता, एवढंच त्यांना ठाऊक. काय करायचा ते मी सांगते. वय झालंय, बोट हळू चालतं, सांभाळून घ्या.

विमान बिघडलं की अडकलेल्या प्रवाशांना पुढे पोचवायचं, हे त्याचं काम. पोस्टिंग नागपूरला.

हल्ली त्यासाठी मोठमोठी डिपार्टमेंटं असतात म्हणे. सॉरीचा मेसेज येतो, कोरडं सँडविच येतं, विमान येत नाही.

साठ-बासष्टचा सुमार. हैदराबादहून नागपूरला निघालेल्या डाकोटा विमानाच्या इंजिनातून तेल गळायला लागलं. पायलटनं सकाळीच ते आमच्या यवतमाळबाहेर, लोहाऱ्याच्या माळावर उतरवलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

पण विमान बिघडून उतरलंय, हे आमच्या पुढाऱ्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांना वाटलं, पाहुणे आले!

झालं. मांडव पडला. विमानाच्या पंख्याला कुंकू, समोर नारळ. घामेजलेल्या प्रवाशांना खुर्च्यांवर बसवून हार.

मी तेव्हा शाळेत शिकवायची. हुकूम आला, मुली घेऊन या, स्वागतगीत पाहिजे.

दुपारी भाऊ नागपूरहून आला. भाड्याची एक बस, आणि पुढे अंबॅसडरमध्ये त्याचा साहेब. अंबॅसडर विमानातल्या दिल्लीच्या एका बड्या माणसासाठी. बाकीची जनता बसमध्ये, टपालाच्या थैल्यांबरोबर.

"चला, निघू," भाऊ म्हणाला.

मांडव घालणारे आमचे सभापती खवळले. "असे कसे निघता? जिल्ह्यात पह्यल्यांदा इमान आलं, अन् पाहुणे बिना सत्काराचे जातीन काय? माहं भाषण राह्यलं अजून!"

साहेबांनी मान डोलावली. त्यांनाही हार मिळाला होता ना.

मांडवाच्या कडेला प्रवाशांतली एक तरुण बाई उभी होती. हार तिनं घेतलाच नव्हता. मी पाणी दिलं तर म्हणाली, "माहे बाबा गेले. नागपूरले ठेवून राह्यले माह्यासाठी. दिवस मावळाच्या आंधी नेतीन."

एकुलती एक लेक. आणि इथे स्वागतगीताचं तिसरं कडवं चाललं होतं.

मी भाऊला सांगितलं. तो तडक माइकपाशी गेला. सभापतींना वाटलं, कंपनीतर्फे आभार मानतोय.

"या बाईचा बाप मेला," भाऊ म्हणाला. "घरी मयत पडून हाये. तिले बापाचं तोंड पाहू द्याचं, का तुमचं भाषण आयकवाचं?"

मागून एकानं टाळी वाजवली. सवय, दुसरं काय!

भाऊनं तिला अंबॅसडरमध्ये बसवलं. साहेब धावत आले. "ही गाडी कोणासाठी आहे, कळतं का तुला?"

"कळते ना साहेब. पण त्यायले काई घाई नाई. सत्कार चालू हाये त्यायचा."

मग मला म्हणाला, "तू जाय तिच्यासंग." मुलींना दुसऱ्या बाईंवर सोपवून मी बसले.

बडा माणूस मागाहून बसमध्ये थैल्यांशेजारी धुसफुसत आला म्हणे, गळ्यात हार तसाच. तेवढं पाहायचं माझं राहून गेलं.

साहेब पुढे चढतच गेले. चढणारच. भाऊला कार्गोत टाकलं, तो रिटायर होईपर्यंत तिथेच.

आम्ही पोचलो तर घर रिकामं. अंगणात फुलं सांडलेली. "आत्ताच नेलं," शेजारीण म्हणाली.

बाई रडली नाही. ड्रायव्हरला म्हणाली, "घाटावर घ्या."

घाटावर एक म्हातारा आडवा आला. "बायाइनं आत येऊ नाई."

ती त्याच्याकडे न पाहताच आत गेली. मीही गेले.

चिता रचून झाली होती. तोंडावर लाकडं ठेवायची तेवढी बाकी होती. तिनं बापाच्या गालावर हात ठेवला.

"बाबा, आली मी."

पुढच्या खेपेला भाऊ घरी आला, तेव्हा मी नोकरीचं विचारलं. त्यानं उडवून लावलं.

"तिले बाप दिसला का?" एवढंच विचारलं.

"दिसला."

भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला. त्याला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

भाऊ, तुला मोठे शब्द चालायचे नाहीत. माझा नमस्कार घे आणि नीट जा.