दादाचा तीन तारांचा डबा

दादा लष्करातून घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन गणवेश, एक कांबळं, औषधांच्या पुड्या आणि एक तीन तारांचा डबा होता. डबा म्हणजे कुठल्याशा साहेबाने टाकून दिलेली सिगारची पातळ लाकडी पेटी. तिला खोक्याच्या फळीचा दांडा बसवलेला. सायकलच्या ब्रेकची तार उलगडून काढलेल्या तीन तारा त्यावर ताणलेल्या, आणि त्या उचलून धरायला पेटीवर पेन्सिलीचा आडवा तुकडा. आईने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यात काय ठेवत्यात?"

"काय न्हाई," दादा म्हणाला. "वाजतो त्यो."

हे त्र्याहत्तर सालातलं. बांगलादेशच्या लढाईत दादाचा ट्रक सुरुंगावर गेला होता. त्याच्या डोक्यात लोखंडाचे दोन कण शिरले. पुण्याच्या लष्करी इस्पितळात एक निघाला, दुसरा आतच राहिला. डावा हात लुळा पडला. बोलणं जड झालं, पण समजायचं. गाणं मात्र गेलं. आधी मोटेवर, उसाच्या फडात सारखा गुणगुणणारा माणूस, आता तोंड उघडलं की सगळे सूर एकाच पट्टीत निघायचे. त्याला ते कळायचं आणि तो लगेच तोंड मिटायचा.

मी त्याच वर्षी सासरहून कायमची परत आले होते. कारण सांगत बसत नाही. तासगावकडच्या त्या घराला माझ्याकडून मूल हवं होतं आणि ते झालं नाही, एवढंच. आमचं गाव कृष्णेकाठी, कराडच्या खाली. तिथल्या बायका पाणवठ्यावर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, की त्यांच्या घरात आता दोन मोडकी भांडी झाली. मी घागर आपटून निघून यायचे. एक घागर तर तशीच चेमटली.

डबा मुळात दादाचा नव्हता. ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसणारा जोडीदार पूर्वेकडच्या डोंगरातला होता, त्याने तो बनवला. गाड्यांचा तांडा थांबला की तो वाजवायचा, आणि त्याने दादालाही शिकवलं. त्याने स्वतः एक धून बसवली होती. ती त्याच्या गावात कुणाला ठाऊक नव्हती, कारण सुट्टीवर जाण्याआधीच सुरुंग फुटला आणि तो जागीच गेला. म्हणजे जगात ती धून येणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याला ना गाता येत होतं ना वाजवता.

"तुला शिकीवतो," दादा एक दिवस म्हणाला. मी भाकरी थापत होते. "तुझा डावा हात, माझा उजवा."

मी हसले. मला ओवीसुद्धा धड येत नव्हती. पण तो हसला नाही. "दसऱ्यानंतर पुन्याला बोलीवलंय," तो म्हणाला. "आतला कण काढायचाय. डोक्याचं काम हाय, बया. मी न्हाई आलो तर?"

असं आम्ही शिकायला बसलो. सोप्याच्या पायरीवर तो उजवीकडे, मी डावीकडे, डबा दोघांच्या मांडीवर आडवा. तो उजव्या हाताने तार छेडायचा, मी डाव्या हाताच्या बोटांनी दाबायचे. दांड्यावर त्याच्या जोडीदाराने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. दादा म्हणायचा, "मदली तार, चौथी रेघ," आणि मी नेमकी कडेची दाबायचे. विळा-खुरपं धरून माझे तळवे चामड्यासारखे झाले होते, पण बोटांची टोकं मऊच निघाली. चार दिवसांत तारांनी ती चिरली. मिरच्या कुटायला बसले की डोळ्यांतून पाणी यायचं आणि आई समजायची मला सासर आठवलं. मी तिला तसंच समजू दिलं.

माझ्यात अंगचं असं काही नव्हतं. पहिला महिना नुसता खर्र खर्र आवाज. नीट दाबली नाही की तार कुरकुरायची, जास्त दाबली की बेसूर. दोन सुरांमधून बोट घसरवत न्यायचं असायचं, तिथे तर मी दरवेळी घाई करायचे. दादा फक्त उजवा हात थांबवायचा. तो थांबलेला हात मला शिवीपेक्षा जास्त लागायचा. एकदा मी डबा ढकलून उठले आणि म्हणाले, "शीक म्हनतोस आन् तोंड वाकडं करतोस. मला न्हाई जमत." तो म्हणाला, "मला जमत हुतं. आता कुनाला जमवू?" मी पुन्हा बसले.

आबांना, म्हणजे वडिलांना, हे पसंत नव्हतं. माघारी आलेली लेक दारात बसून वाद्य वाजवते, लोक काय म्हणतील. "तमासगिरीन करतोस व्हय रं तिला?" त्यांनी दादाला विचारलं. दादाने नुसती तार छेडली. पण आबांनी डबा कधी हिसकावला नाही. लढाईतून आलेल्या मुलाच्या वस्तूला हात लावायला ते कचरत असावेत.

धुनेचे तीन भाग होते. पहिला चढत जायचा, दुसरा तिथेच घुटमळायचा, तिसरा घरी आणायचा, असं दादा सांगायचा. गणपती बसेपर्यंत पहिला माझ्या बोटांत बसला. दुसरा नवरात्राच्या घटस्थापनेला. ज्या दिवशी दोन्ही भाग न थांबता निघाले, त्या दिवशी दादाने लगेच पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं. मला तेव्हा फार आनंद झाला. सासरी सात वर्षांत मी कशाततरी बरी आहे असं मला कुणी वाटू दिलं नव्हतं.

तिसरा भाग खंडेनवमीला सुरू करायचं ठरलं. दसरा दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी पुण्याची एसटी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. कुऱ्हाड, विळे, खुरपी, कोयते, नांगराचा फाळ, सगळं पहाटे नदीवर नेऊन राखेने घासून धुवायचं, देवापुढे मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. न धुतलेली वस्तू पूजेत चालत नाही, असं आबा दरवर्षी बजावायचे. एकदा मांडलं की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, दसऱ्याला उचलायचं. लहानपणापासून हे काम माझंच. त्या वर्षी मी पाटीत विळे-खुरपी भरली आणि माझ्या मनात आलं, दादाचं हत्यार आता हाच. ट्रक गेला, बंदूक गेली. ह्याची पूजा नको?

दादा गोळ्यांच्या गुंगीत होता. मी डबाही पाटीत घातला.

कुणी म्हणेल, एवढं कळू नये? नाही कळलं. मला लाकूड म्हणजे नांगर, जू, न्हाणीतला पाट एवढंच माहीत होतं. ही लाकडं वर्षानुवर्षं भिजतात आणि त्यांना काही होत नाही. डब्यावर आमच्या बोटांचा मळ बसला होता, तो मी राखेने घासला. पाण्यात बुडवला नाही असंही म्हणणार नाही, बुडवला, दोनदा. मग दगडावर उन्हात ठेवला. सुकल्यावर तो इतका स्वच्छ दिसला की मला अभिमान वाटला.

दादा उठला तेव्हा डबा कुऱ्हाडीशेजारी झेंडूच्या फुलांत होता. ते बघून तो खरंच हसला. किती महिन्यांनी हसला.  आबांनीच डब्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

दुपारी दादा म्हणाला, "चल, बसू."

"आज न्हाई," मी म्हणाले. "आज त्याला हात लावायचा नसतो."

"माझ्याजवळ दीस किती हायत?"

"उद्या सोनं वाटून झालं की बसू. देवाचं मोडू नगंस. तुझंच काम हाय म्होरं."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी त्याला देवाची भीती घातली होती. ती त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती. त्या दुपारी बसलो असतो तर डबा तासभर तरी टिकला असता, असं मला वाटतं. हे मी इतक्यांदा मनात घोळवलंय की खरं काय ते आता माझं मलाच सांगता येत नाही.

दसऱ्याला उचलायला गेले तर दांडा हातात आला आणि पेटी तिथेच राहिली. सरस विरघळला होता. तळाची फळी वर वाकली होती, झाकणाला उभी चीर गेली होती. तारा सैल होऊन फुलांत गुंतल्या होत्या.

दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फळ्या एकावर एक ठेवल्या आणि म्हणाला, "तुला कुनी सांगितलं न्हवतं." मग आम्ही खूप खटपट केली. आबांनी सुतळीने आवळून पाहिलं. तार ताणली की चीर वाढायची. देवळातली भजनाची पेटी मागून आणली. दादाने तिच्या पट्ट्या दाबून पाहिल्या आणि मान हलवली. बोट घसरवत न्यायचा तो मधला सूर तिच्यात नव्हताच. नुसत्या दांड्यावर तो मला जागा दाखवू लागला, ही रेघ, मग ती, मग थांबला. "ऐकल्याबिगर मला न्हाई सांगता येत," तो म्हणाला. "हात इसरलाय. कानालाच ठावं हाय." आबा त्याच दिवशी मिरजेला तंबोरे करणाऱ्यांकडे तुकडे घेऊन गेले. कारागिराने नवा करून देतो म्हटलं, पण आठ दिवस लागतील.

तमासगिरीन म्हणणारे आबा मिरजेला गेले, हे मला आजही आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा एसटीत बसला. खिडकीतून म्हणाला, "परत आल्यावर तिसरा भाग." मी हो म्हटलं. बारा दिवसांनी तार आली. शस्त्रक्रिया झाली होती, पण तो शुद्धीवर आलाच नाही. पुढे त्याच्या कागदांसाठी आबा साताऱ्याला फेऱ्या मारत राहिले. तिथे भेटणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला ते विचारायचे, ट्रकच्या त्या पलटणीतला कुणी ठाऊक आहे का, डबा वाजवणारा कुणी होता म्हणतात. कुणाला ठाऊक नव्हतं.

नवा डबा मिरजेहून आला तो दिवाळीनंतर. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हतीच. मी तो कोनाड्यात ठेवून दिला. दादाला वर्ष झालं, वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे गेले. त्या संध्याकाळी आबा सोप्यात खांबाला टेकून बसले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ की त्यो. वाजीव."

छेडायला उजवा हात आता माझाच होता आणि तो अडाणी होता. चुकत चुकत पहिला भाग वाजवला. दुसरा बरा गेला. चढलेली धून तिथेच घुटमळत राहिली आणि मी बोट उचललं.

आबा वाट बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "म्होरलं?"

"म्होरलं मला येत न्हाई, आबा."

"का गं?"

मी त्यांना सांगितलं, की तिसरा भाग शिकायचा राहिला तो मी डबा धुतला म्हणून. ते म्हणाले, की न धुतलेलं पूजेत चालत नाही असं दरवर्षी तेच बजावायचे, म्हणजे त्यांनीच तो धुवायला लावला, असं त्यांना वर्षभर वाटत होतं. मी म्हणाले, तुम्ही नाही, मी आपल्या मनाने नेला होता, तुम्हाला विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांनी खांबावरची पाठ काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जेवढं येतंय तेवढं पुन्यांदा वाजीव." मी पुन्हा वाजवलं आणि पुन्हा तिथेच थांबले.