संगीची अर्धी गोळी

"हायपरकायनेटिक," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. मले अन् संगीच्या बाबांना तो शब्दच समजला नाही. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची गोष्ट. डॉक्टरांनी समजावलं, "अंगात चळवळ फार, ध्यान एका जागी टिकत नाही. वेडी नाही तुमची मुलगी. डोस कमी-जास्त करून तिला कितीचा मानवतो ते पाहू. रोज कशी होती ते वहीत लिहा."

घरी परतताना सौंसरच्या बसमध्ये मी विचार करून राहिली होती, मस्तीवर कुठं औषध असते का बाप्पा?

पण शाळेतल्या मास्तरांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत पोरगी एका जागी बसली नाही तर नाव काढतो. सात वर्षांची माझी पोर!

रोज सकाळी अर्धी गोळी. मी ती अडकित्त्यानं फोडायची. एखाद्या दिवशी मोठा तुकडा यायचा, एखाद्या दिवशी नुसता चुरा. एक दिवस संगी पाढे म्हणायची, दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पेरूवर चढून बसायची. औषध कोणतं अन् संगी कोणती, मले काही समजूनच नाही राहिलं होतं.

मग तान्हा पोळा आला, लेकरांच्या लाकडी बैलांचा सण. आदल्या वर्षी तिनं सगळ्या लेकरांचे लाकडी बैल लाथाडले होते, माझी मान खाली गेली होती. यंदा मी कोणाले न विचारता आख्खी गोळी दिली.

संगी बैलाची दोरी धरून एका जागी बसली. बायांनी तिच्या हातात बोजाऱ्याचे, म्हणजे पोळ्याच्या खुशीचे पैसे, गोळ्या-बिस्किटं ठेवली. तिनं मूठही मिटली नाही, मीच सगळं तिच्या फ्रॉकच्या खिशात भरलं. "किती शहाणी झाली वो तुमची संगी!" खोटं काहून बोलू, मले बरं वाटलं. वहीत लिहिलं, 'शांत.'

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आई, पोळा कधी हाय?"

माय वो! कालच तर झाला होता पोळा! तरी वहीतलं मी खोडलं नाही.

पुढच्या खेपेले डॉक्टरांनी त्याच शब्दावर बोट ठेवलं. "हा दिवस छान गेला. बाकी दिवस ध्यान टिकत नाही. आख्खी गोळी करू या." संगीचे बाबा हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यापुढं दिवाळी होती. मी रडतच सगळं सांगितलं, पोळ्याचं अन् अडकित्त्याचंही.

डॉक्टर रागावले नाहीत. "त्या दिवशी ती शांत नव्हती, बाई. गुंगीत होती." त्यांनी फोडावी न लागणारी लहान गोळी दिली अन् मास्तरांना चिठ्ठी. मास्तर मग एक पान लिहून झालं की तिले माठात पाणी भराले पाठवत. शाळेत नाव राहिलं. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी असं लेकरू असन, तर डॉक्टरपाशी आपली चूक झाकू नका. मी झाकणारच होती.

पुढच्या तान्ह्या पोळ्याले संगीनं दारोदार बैल पळवला, शेजारणीच्या लेकराच्या बैलाचा पाय मोडला. शेजारीण भांडाले आली. मी हात जोडले, घरात येऊन वही काढली.

'आज पोळा होता,' मी लिहिलं. 'संगीले माहीत होतं.'