नंदाताईंची गाळलेली ओळ

नंदाताई तिरोडकर बोलता बोलता टेबलावर हात आडवा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "इथपर्यंत." म्हणजे त्यांना जे ठाऊक आहे ते इथे संपलं. लालबागच्या बाजारात मासेवालीने "ताई, आजचं पापलेट" म्हटलं की कल्ला उचलून बघत आणि मला सांगत, "ताजं आहे. आजचं आहे की नाही, ते तिला ठाऊक." मासेवाली वैतागायची. "घ्यायचं तर घे गं बाई, मला कोर्टात कशाला उभी करतेस." त्या हसून घ्यायच्या.

मला तो हात आवडायचा नाही. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकात कुठे थांबायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

काळाचौकीतली आमची चाळ पाडायची ठरली, तेव्हा बिल्डरने लावलेली पात्र भाडेकरूंची यादी तीनदा बदलली. दर वेळी कुणाचं तरी नाव गळायचं आणि जाब विचारला की ऑफिसातून उत्तर यायचं, कॉम्प्युटरची चूक. कॉम्प्युटर नेमका म्हाताऱ्या विधवांच्याच बाबतीत चुकायचा. आम्ही बिल्डरच्या दारात बसलो, घोषणा दिल्या. शेवटी त्याने यादी ब्लॉकचेनवर टाकली. एकच वही असंख्य यंत्रांवर, त्यामुळे एकदा केलेली नोंद कोणाला गुपचूप बदलता येत नाही. चाळीच्या सभेत मी हा विजय म्हणून सांगत होते.

"ती वही बघायची कुठे?" मागून एका बाईंनी विचारलं.

"त्यांच्या वेबसाइटवर."

"म्हणजे बिल्डर खरं बोलतो का, हे बिल्डरलाच विचारायचं."

लोक हसले. मी चिडले. या बाई म्हणजे नंदाताई. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि घरूनच एका परदेशी कंपनीचं नेमकं हेच काम करायच्या. काम लाइट क्लायंटचं. सगळी वही उतरवून न घेता साध्या फोनवरून ती तपासता यावी, असं छोटं अ‍ॅप. आमच्यासाठी त्यांनी तसं एक बनवून दिलं. एवढी वही फोन कशी तपासणार, हे मला कळेना, तेव्हा त्यांनी पेपर पुढे सरकवला.

"शब्दकोडं सोडवायला तुला किती वेळ लागतो?"

"तासभर."

"आणि सोडवलेलं तपासायला?"

"दोन मिनिटं."

"कोणी सोडवलं, ते विचारावं लागतं?"

"नाही. उभं-आडवं जुळलं की झालं."

"तसंच. वहीतल्या नोंदींवर त्या असंख्य यंत्रांनी केलेल्या सगळ्या सह्या एक मोठं यंत्र तपासतं आणि तपासल्याचा इवलासा पुरावा देतं. फोन फक्त पुरावा तपासतो. यंत्र खोटं बोललं तर पुरावा जुळत नाही. यंत्र बिल्डरचं असलं तरी चालेल." याला झीरो-नॉलेज प्रूफ म्हणतात, असं सांगून त्यांनी हात आडवा ठेवला.

पुरावा जुळला की फोनवर हिरवी खूण यायची, खाली आपली नोंद. अ‍ॅप कसं वापरायचं, त्या पत्रकाचा मजकूर त्यांनीच लिहून दिला. शेवटची ओळ अशी होती: 'हिरवी खूण म्हणजे नोंद बदललेली नाही. नोंद मुळात बरोबर आहे का, ते आपल्या कागदांशी स्वतः ताडून बघा.' ती ओळ मी लाल पेनाने काढली. जोर कमी होत होता. त्या जागी मी लिहिलं, 'हिरवी खूण दिसली, घर पक्कं.'

तळमजल्यावरच्या शेवंताकाकूंना हिरवी खूण दिसली. नोंदीत मात्र त्यांच्या नावापुढे भाडेकरूऐवजी पोटभाडेकरू लिहिलेलं होतं, पहिल्या दिवसापासून. हरकतीची मुदत संपली आणि त्या अपात्र ठरल्या. बिल्डरचा माणूस मला म्हणाला, "अ‍ॅप तुमचंच ना, मॅडम? तपासा की. नोंद बदललेलीच नाही."

काकू ओरडल्या नाहीत. "हिरवा दिसला, मी फोन ठेवलंय. तुमच्याच कागदार लिवलेला होता गो, घर पक्क्या म्हणान."

नंदाताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा गाळला, माझ्यापुढे ठेवला. "ओळ तू काढलीस. छापून आलेलं मी वाचलं नाही. दोन चुका." शिव्या दिल्या असत्या तर मला बरं पडलं असतं.

मुदतीनंतर अर्ज करायचा तर उशिराचं कारण द्यावं लागतं. सगळे म्हणाले, आजारपण लिहा, डॉक्टरचा दाखला मिळतो. खरं लिहिलं तर आमच्या पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवणार, ही भीती मलाही होतीच. नंदाताई म्हणाल्या, "बिल्डरने खोटं लिहिलं म्हणून भांडतोय ना आपण?" मी म्हटलं, उद्या बघू.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. मेंदूत रक्तस्राव. भोईवाड्याच्या स्मशानात मी उभी होते, कोणीतरी पाण्याची बाटली दिली, मी ती धरून राहिले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

अर्ज मी लिहिला. उशिराचं कारण: माझं पत्रक. सोबत त्यांच्या अक्षरातला मजकूर जोडला, माझ्या लाल रेघेसकट. हरकती घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला.

"ही ओळ कोणी काढली?"

"मी."

"का?"

"जोर कमी होत होता."

त्याने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. पंधरा दिवसांनी आदेश आला. उशीर माफ, हरकत दाखल, सुनावणी व्हायची आहे. घर मिळेलच, असं त्यात कुठेही नाही. तो घेऊन मी काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"वाच," म्हणाल्या.

"तुमची हरकत घेतली त्यांनी, काकू."

"ता कळला. पुरो वाच. बारीक अक्षरात असा ता पण."

मी उंबऱ्यावर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.